पूर ओसरला, साथ आली : गल्लीचा मदत गट कसा चालवायचा

सांगलीत बावीस वर्षं मी पिग्मी, म्हणजे दारोदारची रोजची छोटी बचत, गोळा करते. रोज दीडशेच्या आसपास उंबरे होतात. कुणाचा जिना अरुंद आहे, कोण दार उघडायला उशीर लावतं, कुणाचा मुलगा पुण्याला गेला तो सणालाच येतो, हे पिग्मीवालीला जेवढं ठाऊक तेवढं वॉर्डाच्या यादीलाही नसतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५), तेव्हा माझी पिग्मीची वहीच आमच्या गटाची पहिली यादी झाली. पुढं २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली, आणि ती पुरती निवते न निवते तोच जुलैत परत पूर. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा काही ना काही चुकलं. ते सगळं इथं लिहिते.

शेतीत आपल्याकडं पैरा असतो. आज तुमची बैलं आमच्या रानात, उद्या आमची तुमच्या. कुणी कुणाचे आभार मानत नाही आणि कुणाची मान खाली जात नाही. साथीत गल्लीचा गट पैऱ्यासारखा चालवायचा. दात्यांसारखा चालवला की चौथ्या दिवशी फोटो काढून होतात आणि माणसं पांगतात.

हद्द आखून घ्या

‘सगळ्या सांगलीला मदत’ म्हणणारा गट शेवटी मुख्य रस्त्यावरच्या घरांना मदत करतो. चाळीस ते साठ घरं घ्या, त्यापेक्षा जास्त नको. गुडघाभर पाण्यातून चालत एका तासात जेवढी दारं वाजवता येतील तेवढी तुमची हद्द. पलीकडच्या गल्लीत गट नसेल तर तिथल्या दोघांना बोलावून आपली वही दाखवा आणि त्यांचा गट त्यांनाच काढू द्या.

दर दहा-बारा घरांमागं दोन माणसं लागतात. एक ठेवलं तर नेमकं तेच तापानं पडतं. दोघांपैकी एक बाई हवीच. पॅड हवेत, दिवस गेलेत, अंगावरून जातंय, या गोष्टी तालमीच्या पोरांना कुणी सांगत नाही. पोरं मात्र लागतातच: सिलिंडर उचलायला, गाळ काढायला, रात्री दोनला गाडी काढायला. हिशोबाला बचत गटाच्या बायका घ्या, त्यांना पै-पैचा हिशोब ठेवायची सवय असते. मेडिकल दुकानवाला आणि एक रिक्षावाला गटात असला तर निम्मं काम झालं. कुणी पुढारी फार उत्साहानं आला तर त्याला फोन करायचं काम द्या. वही देऊ नका.

हे सगळं जूनच्या आधी करायचं. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोडवाल्यांना वेगळं सांगायला नको, त्यांच्या दारात पाणी इशाऱ्याची ४० फुटांची पातळी गाठायच्या आधीच उभं असतं.

वही

मोबाइलमधली यादी चांगली, पण चौथ्या दिवशी चार्जिंग नसतं. दोनशे पानी वही घ्या, बॉलपेन बांधून ठेवा, वर प्लॅस्टिकची पिशवी. एका घराला एक पान. आमच्या वहीतलं एक पान असं होतं:

घर १४. जिन्यानं वर. एकट्या. वय ७८. शुगर, इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ. फ्रिज बंद. मुलगा बाहेरगावी, फोन लागतो. गॅस आहे. पाणी वरच्या टाकीत. आज ताप नाही, जुलाब नाही. देऊ शकतात : —

या आक्का. त्यांच्या खालच्या घरात त्या दिवशी दुपारी तीन वेगवेगळ्या संस्थांनी खिचडीची पाकिटं दिली. वर कुणी गेलंच नाही, कारण आक्का खाली आल्या नाहीत. मी गेले तर इन्सुलिनची बाटली उशाशी, खिडकीतल्या उन्हात. “फ्रिजच बंद, मग कुठं ठेवू?” म्हणाल्या. बाटली स्टीलच्या छोट्या डब्यात घातली, झाकण घट्ट लावून डबा पाण्याच्या माठात सोडला. वापरात काढलेली इन्सुलिनची बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानाला चालते, फक्त उन्हापासून आणि गरमीपासून जपायची. उन्हात किती वेळ गेला ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून मेडिकलवाल्याकडून संध्याकाळी नवी आणून दिली.

पण मला सांगायचंय ते शेवटच्या ओळीबद्दल. ‘देऊ शकतात’ समोर मी आडवी रेघ मारली होती. दुसऱ्या दिवशी आक्कांनीच विचारलं, “माझ्याकडं लँडलाइन आहे, चालू आहे. कुणाला फोन करायचेत का?” तेव्हापासून सकाळी आठला त्या बारा घरांना फोन लावायच्या: ताप आहे का, संडास किती वेळा, पाणी उकळलं का. दहापर्यंत माझ्या हातात यादी. गटात त्यांच्याइतकं नेमानं काम कुणीच केलं नाही. ती ओळ कुठल्याच घराच्या पानावर रिकामी ठेवू नका. एखादा गच्ची देईल, एखादा जुना शिक्षक अर्ज लिहून देईल, कुणी नुसती पोरं सांभाळेल.

काय लिहायचं नाही तेही ठरवा. टीबी, एचआयव्ही, मानसिक आजार यांची नावं वहीत लिहायची नाहीत. ‘गोळ्या, शुक्रवारी संपतात’ एवढं पुरे. आणि कुणाचाही आजार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही. मार्च २०२० मध्ये जिल्ह्यातली कोरोनाची पहिली साखळी इस्लामपुरात सापडली, तर आमच्या गल्लीत लोकांनी त्या बाजूच्या गवळ्याचं दूध बंद केलं. तो गवळी इस्लामपुरात गेलेलासुद्धा नव्हता. भीतीपोटी लोक मग आजार लपवतात, आणि लपवलेला ताप वहीत येत नाही.

आशाताईंच्या हाताखाली

आपण डॉक्टर नाही. गावात असाल तर उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक. शहरात असाल तर महापालिकेचं जवळचं आरोग्य केंद्र. पहिल्याच दिवशी तिथं जाऊन एवढंच सांगायचं: आमची अमुक घरं, रोज सकाळी दहाला आकडा देऊ. आशाताईंकडं शेकड्यानं घरं असतात, त्यांना असा आकडा आयता मिळाला तर त्या तुमच्या गल्लीला विसरत नाहीत. ओआरएस, क्लोरीनचं औषध त्याच वाटेनं येतं, रक्ताचे नमुनेही त्याच वाटेनं जातात.

आकडा देताना नावापेक्षा जागा महत्त्वाची. २०१९ ला पाणी उतरल्यावर सहाव्या दिवशी आमच्याकडं जुलाबाची सात घरं झाली. मी ती आडनावाप्रमाणं लिहिली होती, त्यामुळं काहीच कळेना. प्लंबिंगचं काम करणारा एक पोरगा वही चाळत म्हणाला, “ताई, ही सगळी एकाच लाइनीवरची आहेत.” कागदावर नळाची लाइन काढली तर सातपैकी सहा घरं एकाच फाट्यावर, आणि तो पाइप गटारीच्या आतून गेलेला. सातवं घर त्यातल्याच एकाकडून हंडा भरायचं. त्या दिवशी सहा दिवसांची वही पुढं ठेवल्यावर पाइप बघायला माणूस आला. त्याआधीचे तीन तोंडी निरोप कुठं गेले ते देवाला माहीत. तेव्हा वहीच्या मागच्या पानावर गल्लीचा नकाशा काढून ठेवा: नळाची लाइन, गटार, बोअर, हातपंप.

शेजारशेजारच्या घरांत एका दिवसात दोन-तीन जणांना जुलाब, ताप आणि डोळे पिवळे, किंवा तापानं एखादा मृत्यू, यातलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवशीच्या दहाची वाट बघायची नाही. लगेच कळवा.

पाणी

पुरानंतरच्या बऱ्याच आजारांचं मूळ पाण्यात. इथं घाई करू नका.

आधी टाकी. पुराचं पाणी शिरलेली टाकी नुसती क्लोरीन टाकून शुद्ध होत नाही. गाळ क्लोरीन खातो. टाकी रिकामी करायची, घासायची, धुतलेलं पाणी सोडून द्यायचं आणि मगच भरायची. जमिनीखालच्या टाकीत एकट्यानं उतरायचं नाही, वर एक माणूस हवा. मोटरीला हात लावण्याआधी मेन स्विच बंद.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती ताजी, ३३ टक्के क्लोरीनची असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा सपाट. ती थेट टाकीत ओतायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, लाकडी काडीनं ढवळा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. चुना खाली बसतो. वरचं निवळ पाणी टाकीत घाला, खालचा साका टाकून द्या. अर्धा तास तरी कुणी नळ सोडायचा नाही. ही अर्ध्या तासाची अट लोक पाळत नाहीत, म्हणून आम्ही टाकीच्या कॉकला लाल फडकं बांधायचो. वेळ झाली की सोडायचं.

तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातल्या टीसीएलचा दम निघून जातो. पावडर ढेकळी झालेली, वास नाही, तर तिच्यावर विसंबू नका. आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये ती कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. ‘दोन्ही टाकलं की डबल स्वच्छ’ म्हणणारा एक तरी शहाणा प्रत्येक गल्लीत असतो.

क्लोरीन पुरलं का ते बघायला ओटी टेस्ट. जलसुरक्षकाकडं किंवा आरोग्य केंद्रात ते औषध असतं. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, फिकट पिवळा रंग आला की ठीक. रंगच नाही आला तर क्लोरीन संपलेलं आहे. ही तपासणी टाकीपाशी करून उपयोग नाही. लाइनीच्या सगळ्यात शेवटच्या घरी करा, कारण कमी पडतं ते तिथंच.

घरात क्लोरीनचे थेंब मिळाले तर बाटलीवरचं प्रमाण वाचून टाका, गढूळ पाणी आधी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या. गॅस असेल तर उकळणं सगळ्यात खात्रीचं. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट आणखी. मात्र उकळलेलं पाणी परत त्याच न धुतलेल्या हंड्यात ओतलेलं मी किती घरांत पाहिलंय म्हणून सांगू! हंडा आधी धुवा, झाकण ठेवा, वगराळं किंवा दांड्याचं भांडं वापरा. बोटं पाण्यात जायला नकोत.

जुलाब, ताप : कुणाला कधी हलवायचं

जुलाब सुरू झाल्याबरोबर ओआरएस. एक लिटरचं पाकीट एक लिटरच पाण्यात, निम्मं निम्मं नाही. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर एक लिटर शुद्ध पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ हातानं अंदाजे घालू नका, जास्त झालं तर लेकराला घातक. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर चहाचा अर्धा ते एक कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. लहान मुलांना झिंकच्या गोळ्या १४ दिवस देतात, त्या आशाताईंकडून घ्या आणि जुलाब थांबले तरी पूर्ण करा.

डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू बसते, मूल पाणीच घेत नाही किंवा निपचित पडलंय, संडासात रक्त आहे, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा किंवा रिक्षा काढा. वाटेतही ओआरएस चालू.

पुराच्या पाण्यात, गाळात फिरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्या ठणकतात, डोळे लालभडक, तर लेप्टोचा विचार करायचा. उंदराच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून आत जातो. साधा ताप म्हणून गोळी घेऊन झोपू देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टर. कावीळ दिसली किंवा लघवी कमी झाली तर थेट मोठं हॉस्पिटल. डॉक्टरांना ‘हा माणूस गाळात काम करत होता’ हे आवर्जून सांगा.

डेंग्यूत लोक फसतात ते ताप उतरल्यावर. ताप गेला म्हणून माणूस कामाला लागतो, आणि नेमके तेच एक-दोन दिवस धोक्याचे. पोटात जोराचं दुखणं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त, अस्वस्थपणा, हातपाय गार, यातलं काही दिसलं की उचला. तापाला पॅरासिटामॉल, डॉक्टर सांगतील तेवढंच. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नाही.

कोरोनासारखी श्वासाची साथ असेल तर गटाकडं दोन-तीन ऑक्सिमीटर पुरतात, फिरते ठेवा आणि वहीत नोंदवा. नेलपॉलिश पुसायचं, बोट गरम करायचं, हात स्थिर ठेवून मिनिटभर थांबायचं. ९४ किंवा खाली आलं की डॉक्टरांना फोन.

दवाखान्यात नेताना रेशनकार्ड आणि आधार सोबत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, पैसे भरण्याआधी त्याला गाठा. कागद पुरात भिजतात, म्हणून सगळ्या घरांनी त्यांचे फोटो मेमध्येच एका बाहेरगावच्या नातेवाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवावेत.

चालू औषधं

साथीकडं लक्ष असताना माणसं जुन्या आजारानं जातात. बीपी, शुगर, फिट, दम्याचा पंप, टीबीच्या गोळ्या, मिरजेला डायलिसिसला जाणारे, नववा महिना लागलेल्या. या घरांच्या पानांना कोपऱ्यात लाल खूण करा आणि गोळ्या संपायची तारीख लिहा. संपायच्या पाच दिवस आधी मेडिकलवाल्याकडं यादी द्यायची. रिकामी पट्टी मागून घ्या. ‘ती पांढरी गोळी’ वर कुणी औषध आणू नये. डायलिसिसवाल्याला आणि दिवस भरलेलीला पाणी चढायच्या आधीच कोरड्या बाजूच्या नातेवाइकाकडं हलवा, बोटीची वाट बघू नका.

सामान आणि पैसा

२०१९ ला आपल्याकडं ट्रकच्या ट्रक आले. माणुसकी मोठीच होती, पण त्यात जुने कपडे इतके की ते ठेवायला खोली लागली आणि पावसात भिजल्यावर फेकायला ट्रॅक्टर. विचारणाऱ्याला स्पष्ट सांगा: खराटे, फिनेल, गमबूट, टीसीएल, ओआरएस, पॅड, मेणबत्त्या, काडेपेट्या. कपडे नकोत. ज्या घरात गॅस चालू आहे तिथं शिधा द्या, शिजवलेलं नको. सकाळी दहाला भरलेलं गरम भाताचं पाकीट दुपारी तीनला वाटलं तर तुम्हीच जुलाबाची नवी यादी तयार करता.

पैशाच्या बाबतीत मी कडक आहे, पोटापाण्याचा धंदाच तो. पावतीशिवाय रुपयाही घ्यायचा नाही. खर्चाला दोन सह्या, त्यातली एक बाईची. रोज संध्याकाळी जमा, खर्च, शिल्लक तालमीच्या फळ्यावर खडूनं. गल्लीबाहेर वर्गणी मागणार असाल आणि मंडळ नोंदलेलं नसेल तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क ची परवानगी लागते. गणपतीला मंडळं काढतात तीच. नोंदणीकृत बचत गट किंवा ट्रस्टच्या खात्यावर घेतलं तर डोक्याला ताप कमी. कुणाच्या स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका. माणूस कितीही सरळ असो, पुढं भांडण त्याच्याच दारात येतं.

आपली माणसं

गाळात उतरताना गमबूट आणि हातमोजे, पायाला जखम असेल त्यानं त्या दिवशी फोन सांभाळायचे. काम झालं की साबणानं पाय धुवायचे. लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन देतात, पण ती आरोग्य केंद्राच्या सांगण्यावरूनच. गरोदर बाईला, लहान मुलाला आपण होऊन देऊ नये. सलग तीन दिवस काम, चौथा दिवस सुट्टी. सुट्टी न घेणाऱ्याचं कौतुक करू नका. साताऱ्याकडच्या आपल्या नायगावच्या सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेगनं गेल्या. त्या काळात हातमोजे कुठले असणार! आता शंभराचा खोका मेडिकलमध्ये मिळतो.

गट कधी बंद करायचा

गाळ निघाला, दुकानं उघडली की गट आपोआप मोडतो, आणि तिथंच आम्ही पहिल्यांदा चुकलो. लेप्टोची लक्षणं पाण्यातून आल्यावर पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, कधी महिनाही लागतो. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस घेतो. म्हणजे रस्ता चकाचक होतो त्याच आठवड्यात ताप सुरू. रोजचा फेरा थांबवा, पण आक्कांच्या सकाळच्या फोनसारखं काहीतरी पुढं सहा आठवडे चालू ठेवा. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा: पिंप, कुंड्यांच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर रिकामे करून घासायचे. शामरावनगरसारख्या पाणी साचून राहणाऱ्या भागात, जिथं उपसा होत नाही तिथं, आरोग्य केंद्राकडून गप्पी मासे मागून सोडा.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना बोलावून हिशोब वाचा. वहीतली आजाराची पानं फाडून जाळा. घर नंबर, नकाशा आणि ‘देऊ शकतात’ची ओळ तेवढी नव्या वहीत उतरवा. दर मेमध्ये ती वही घेऊन एक फेरी मारायची, कारण भाडेकरू बदलतात, म्हातारी माणसं जातात, बाळं होतात.

आमची पत्र्याची पेटी आहे. आत नवी वही, चार जोड गमबूट, हातमोजे, दोनशे ओआरएस, दोन ऑक्सिमीटर (सेल काढून ठेवलेले), टॉर्च, शिट्ट्या, लाल फडकी. टीसीएल पेटीत ठेवत नाही, पत्रा खातं. ते जूनमध्ये ताजं आणायचं आणि प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचं. पेटी आधी तालमीत होती, २०२१ ला तालमीतच पाणी आलं. आता ती आक्कांच्या जिन्यावर, वरच्या मजल्याच्या कोनाड्यात असते. एक किल्ली माझ्या पिग्मीच्या पिशवीत, दुसरी त्यांच्या टेलिफोनखाली.